जिगोला बघायला तुंगार्लीला

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दोरी वळली. पुसाचा महिना होता. भात कणगीत पडलेलं, हाताला काम नव्हतं. अंबाडीचा वाख भिजवून ठेवला होता. जाडी दोरी एकटा माणूस वळतो, पण बारीक आणि पक्की हवी असेल तर दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. ती टोक धरून दारात बसली, मी अंगणात उभा राहून पीळ देत होतो.

"अजून बारीक," ती म्हणाली.

मी म्हणालो, एवढी बारीक कशाला, फाशी घ्यायचीय का?

"फाशीला जाड मागितली असती," ती म्हणाली. "तुमचं ऐकून ऐकून मान लय जाड झालीया माजी."

असं आमचं बोलणं. चाळीस वर्षं असंच चाललं. त्यातली शेवटची वीस वर्षं दर साली फाल्गुनात ती लोणावळ्याच्या पुढं तुंगार्लीला एका गोऱ्या बाईच्या बंगल्यावर कामाला जायची, दोन-अडीच महिने राहायची आणि पावसाच्या आधी पेरणीला परत यायची. जाताना चार हात दोरी वळून मागायची. बंगल्यावर लागते म्हणायची. मी म्हणायचो, लागत असेल. तिथं काय काम करतेस म्हटलं तर झाडलोट, भांडी. मी पुढं विचारलं नाही, आणि वीस वर्षांत एकदाही तिकडं गेलो नाही. बायको कामाला जाते तिथं नवऱ्यानं जाऊन उभं राहायचं, हे मला पटत नव्हतं.

दोरी वळली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. पाचव्या दिवशी गेली. मधे एका दुपारी तापात बोलायला लागली. "जिगोला निजू द्या," म्हणाली. मला वाटलं बरळते. आमचा एक मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला होता, पण त्याचं नाव जिगो नव्हतं. मी विचारलं, जिगो कोण?

"बंगल्यावरचा," ती म्हणाली. मग डोळे उघडून माझ्याकडं नीट बघितलं. "मादामला एकटीला जमायचं न्हाई. तुमी जावा. जिगोला बघा."

मी म्हणालो, "बघतो."

"लगीच हात लावू नगा त्याला. पांगरून घाला आन् निजू द्या."

हे तिचं शेवटचं शहाण्यासारखं बोलणं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

माणूस गेल्यावर घरात बसून दुसरं काय करतो? विचार करतो. मी ठरवलं की बंगल्यावर एक पोर आहे, त्याला आई नसेल, हिनं त्याला लावून घेतलं असेल. आणि दोरी पाळण्याची. सगळं बरोबर बसलं. त्या पोराला मी मनात रोज बघायला लागलो. कधी तो तीन वर्षांचा असायचा, कधी सात. केस पिंगट. खोटं कशाला सांगू, आमच्या मुलाचं नाक मी त्याला लावलं होतं.

चैत्रात तळेगावच्या बाजारात लोणावळ्याचा एक माळी भेटला. त्यानं निरोप दिला की मादामबाई विचारतायत, भागाबाई अजून का आल्या नाहीत, सण या रविवारी आला. भागाबाई म्हणजे आमची. मी त्याला काही सांगितलं नाही. येतो म्हण, एवढं बोललो. दोन कामं होती. जिगोला बघायचं आणि ती गेली हे बंगल्यावर सांगायचं. पहिलं काम अवघड वाटत होतं, दुसरं सोपं. झालं उलटं.

उर्से

तळेगावहून विजेची नवी आगगाडी तासाभरात लोणावळ्याला नेते. आमच्या परंदवडीचे पुष्कळजण त्या गाडीत बसून आले आणि वाटेत काय आहे ते त्यांना ठाऊक नाही. आमची दर साली चालत जायची, म्हणून मीही चालत निघालो. खांद्यावर घोंगडी, त्यात गुंडाळलेली ती दोरी.

पहिला मुक्काम उर्स्याला, लेकीकडं. परंदवडीहून तास-दीड तासाची वाट, पण लेकीच्या घरावरून नुसतं पुढं जाता येत नाही. तिला सगळं सांगितलं तर ती रागावली. "आबा, गोऱ्याचं पोर ते. त्याला काय आपली आठवन असनार?"

मी म्हणालो, तुझ्या आईला होती.

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "आई मला कदी बोलली न्हाई त्याचं." तिला त्याचं वाईट वाटलं होतं. मलाही तेच वाटत होतं, पण बापानं लेकीपुढं तसं बोलून काय उपयोग. सकाळी तिनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि वेशीपर्यंत आली. नव्या ठिकाणी फटकन बोलू नका, एवढं सांगून माघारी गेली.

कार्ला

उर्स्याहून शेतांतून कामशेतला सडकेला लागलो. भाताची खाचरं मोकळी पडलेली, ढेकळं उन्हात पांढरी. इंद्रायणीत गुडघाभर पाणी होतं, त्यात पाय बुडवून भाकरी खाल्ली. करवंदं अजून हिरवी होती. दुपार कलल्यावर कार्ल्याला पोचलो.

एकवीरेची जत्रा आठवड्यापूर्वी उरकली होती. दोन-तीन दुकानं उठायची राहिली होती आणि खाली समुद्राकडून आलेलं कोळ्यांचं एक बिऱ्हाड नवस फेडायला मागं थांबलं होतं. या लोकांचं मला नवल वाटतं. आम्ही देवापुढं हात जोडून खाली बघतो. कोळणी देवीशी थोरल्या बहिणीसारखं भांडतात. एक बाई पायरीवर उभी राहून वर बघत मोठ्यानं म्हणत होती की तू उशीर केलास म्हणून आम्हीपण केला.

रिकाम्या हातानं पोराकडं जायचं नाही म्हणून मी खेळण्यांच्या दुकानापुढं थांबलो. तीच कोळीण शेजारी येऊन उभी राहिली.

"कवरा हाय पोऱ्या?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, ठाऊक नाही.

"तुजाच ना?"

माझा नाही म्हणालो. दुसऱ्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, म्हाताऱ्याला पोर कुणाचं तेही ठाऊक नाही आणि केवढं तेही नाही, पण खेळणं घ्यायला आलाय. मला राग आला. पण त्या कोळणीला माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असावं. तिनं बाकीच्यांना गप्प केलं आणि दुकानातून दोन वस्तू उचलून माझ्या हातात दिल्या. "दोनी घे. लहान असंल त खुलखुला, मोठा असंल त भवरा." एवढा साधा तोडगा मला सुचला नव्हता.

रात्री देवळाच्या खालच्या धर्मशाळेत पडलो.

तुंगार्ली

शनिवारी ऊन तापायच्या आत लोणावळं आलं. स्टेशनाच्या बाजूला घोड्यांची लीद, चिक्कीची दुकानं, टोपीवाले साहेब. त्यांच्यातून वाट काढून तुंगार्लीला चढलो. तिथं एक तळं आहे, आणि तळ्याच्या वर झाडांत बंगले. प्रत्येक फाटकावर पाटी. मला तेवढं वाचता येत नाही, इंग्रजी तर नाहीच. मादामबाईचा बंगला म्हटलं की कुणीही दाखवत होतं.

वाटेत मी एक वाक्य पाठ केलं होतं. बाई, भागा पुसात वारली, मी तिचा नवरा. मळवलीपासून ते वाक्य घोकत आलो.

फाटकात शिरलो तर कुंड्यांच्या रांगेत एक म्हातारी वाकून गोगलगाई वेचत होती. बुटकी, उन्हानं तांबडी झालेली, परकराला माती. मी मडमसाहेब म्हणून हाक मारली. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "मडम न्हाई. मडम इंग्रज. मी फ्रान्सचा. मादाम." मग माझ्या पायांवरची धूळ बघितली. "उनाचा आलास. आदी पानी पी, मंग बोल."

मी जागच्या जागी उभा राहिलो. तसंच बोलायची आमची. आमच्या दारात कुणीही आलं, भांडायला आलं तरी, आधी पाणी प्या मग बोला. शब्द तेच, आणि "मंग" वर द्यायची ती उचलसुद्धा तीच. त्या बाईनं मराठी आमच्या माणसाकडून उचलली होती. वीस वर्षं दुसरं कोण होतं तिला शिकवायला? लिंगाचा घोळ होता, 'ती आला' म्हणायची, पण बाकी सगळं परंदवडीचं. तिच्या तोंडून आमची बोलत होती.

"भागा कुटं?" तिनं विचारलं.

पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं. "यंदा तिचं जमलं न्हाई," मी म्हणालो. "मी आलोय. तिचा घरधनी."

असं का बोललो? मी उघड बोलणारा माणूस म्हणून गावात बदनाम आहे. पण ते बोललो असतो तर त्या बाईचा आवाज बदलला असता. तो मला आणखी थोडा वेळ ऐकायचा होता.

पाणी प्यालो. घोंगडी सोडली. दोरी बघून ती खूश झाली, बोटांनी पीळ चाचपला. मग मी विचारलं, "जिगो कुटं हाय?"

"सांजच्याला आनायचा."

"कुटनं?"

"खाटकाकडनं."

मी विचारलं, पोराला खाटकाकडं कशाला ठेवलंय. 'पोर' तिनं नीट ऐकलं नाही. ती म्हणाली, "मंग काय घरात ठिवू? उनाचं वास मारंल."

मी उठून उभा राहिलो. हातात खुळखुळा होता. तो वाजला. तिनं खुळखुळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं. तिनं परकरावरून आपल्या मांडीवर थाप मारली. "ह्यो. कोकराचा ह्यो. आमच्याकडं ह्याला जिगो म्हनत्यात."

कोकराची मांडी.

ती हसायला लागली आणि हसता हसता थांबली. घोंगडीवर पडलेला भोवरा घेऊन तिनं त्याला त्याची दोरी गुंडाळली आणि पडवीच्या फरशीवर टाकला. चांगला टाकला. "असाच फिरतो जिगो," म्हणाली. "इस्तवापुढं. भागा फिरवती." तेव्हा मला समजलं की आमची तिथं भांडी घासत नव्हती. ती स्वयंपाकीण होती. गोऱ्यांचं मटण रांधत होती. गावात हे कळलं असतं तर पंगतीत आमच्याशेजारी कोण बसलं असतं? म्हणून ती कधी बोलली नाही. आणि कळलं असतं तर पहिला विटाळ मीच धरला असता.

मला राहायला मागची खोली दिली. ती तिचीच. एक खुंटी, एक घागर, एक खाट आणि एक खुर्ची. आमच्या घरात खुर्ची नाही. त्या खुर्चीकडं मी बराच वेळ बघत बसलो. तीन महिने मी एका पोराला मनात वागवलं होतं. ते त्या पडवीत, भोवरा थांबेपर्यंत, संपलं. एक पोर जाण्याचं दुःख मला ठाऊक आहे, हे त्याहून कमी होतं. पण त्याच जातीचं होतं.

आणि राग आला. मरताना माणसाला देव आठवतो, पोरं आठवतात. हिला मांडी आठवली. मी समोर बसलेलो, तरी मांडी.

पण बघतो म्हणून शब्द दिला होता. पोर असो की मांडी. मी राहिलो.

संध्याकाळी मादामनं मला बाजारात खाटकाकडं पाठवलं. म्हातारा खाटीक. भागाबाईंच्या घरून आलोय म्हटल्यावर म्हणाला, "त्या न्हाई आल्या? बरं झालं, आज सुखानं धंदा हुईल." मग स्वतःच मांडी उलटी करून मला दाखवायला लागला. इथं गुडघ्याचा सांधा गुलाबी पाहिजे, चरबी पांढरी आणि टणक पाहिजे, अंगठ्यानं दाबलं तर वर आलं पाहिजे. हे सगळं त्या बघायच्या, म्हणाला. तीन मांड्या परत करायच्या. "ह्ये कोकरू हाय का त्याचा आजा, असं चारचौघांत इचारायच्या मला."

परंदवडीत ती पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती. कुणी पाव्हणा आला तर दाराआडून बोलायची. लोणावळ्याच्या बाजारात खाटीक तिला भिऊन होता. माझ्या बायकोची ओळख मला एक खाटीक करून देत होता. त्यालाही मी खरं सांगितलं नाही. दुसऱ्यांदा खोटं बोलायला सोपं जातं.

रविवार

सण कशाचा ते मादामनं सकाळी सांगितलं. त्यांचा देव मारला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. त्याच्या आधी चाळीस दिवस ही माणसं मटण खात नाहीत, आपल्या श्रावणासारखं. तिसऱ्या दिवशी उठला म्हणे. आमच्यात तिसऱ्या दिवशी राख सावडतात.

आता रांधण्याचं सांगतो, कारण इकडं कुणी असं रांधत नाही.

हळद नाही, तिखट नाही, कांदा-खोबरं नाही. मी म्हणालो, मग राहिलं काय? चाकूच्या टोकानं मांडीला वीस-पंचवीस ठिकाणी भोकं पाडायची आणि प्रत्येकात लसणाची उभी चकती खुपसायची. मग कुंडीतली पाला-पत्री. एकाची पानं सुईसारखी, वास कापूर आणि निरगुडीच्या मधला. त्याचं नाव तिनं दोनदा सांगितलं, मला म्हणता आलं नाही. दुसऱ्याची पानं तांदळाएवढी, ते ओव्याच्या घराण्यातलं असावं. आमच्या पावसात ही झाडं कुजतात, म्हणून दर साली पावसाच्या तोंडाला सगळ्या कुंड्या पडवीत घ्यायच्या, हे भागाचं काम, असं ती म्हणाली. पाला बारीक करून, डब्यातल्या हिरवट तेलात कालवून, मीठ-मिरी घालून मांडीला चोळायचा. वरून नुसता देवपूजेसारखा वास येतो, खायचा वास येत नाही.

आणि मांडी भांड्यात घालायची नाही. टांगायची. स्वयंपाकघर बंगल्यापासून सुटं आहे. तिथं भिंतीत एक मोठी चूल आहे. मादामचा साहेब धरणाच्या कामावर होता, लढाईच्या आधी आलेला. त्यानंच ती बांधली, म्हणाली. चुलीच्या वर कडी. कडीला भिजवलेली दोरी, दोरीला मांडी. विस्तव खाली नाही, समोर. मांडीखाली परातीत तळेगावचे बटाटे, वरून गळणारी चरबी त्यांच्यावर पडते. माणसानं शेजारी बसायचं आणि दोरीला पीळ द्यायचा. पीळ उलगडतो तशी मांडी गरगर फिरते. उलगडून झाला की स्वतःच उलटा बसतो, परत उलगडतो. मंदावली की परत पीळ. दीड तास. सुईपानांची जुडी तेलात बुडवून मधून मधून अंगावर फिरवायची.

म्हणजे वीस वर्षं मी हिच्यासाठी दोरी वळत होतो. जाडी दोरी फिरत नाही, म्हणून अजून बारीक.

मी पीळ देत बसलो. ते काम मला येतं. विस्तव ऐनाच्या लाकडाचा, धूर नाही. फिरणाऱ्या वस्तूकडं बघत बसलं की माणूस विचारात पडतो. आमच्या घरात तिचं असं काय होतं? शेत माझ्या बापाचं, घर बापाचं, कालवण माझ्या आईनं शिकवलं तसं. हे एक तिचं होतं. हे तिच्याशिवाय त्या मुलखात कुणाला येत नव्हतं. ते करपू नये म्हणून ती तापात तळमळली, तर माझा राग कशासाठी होता?

या विचारात दोरी थांबली आणि एक बाजू काळी पडायला लागली. मादाम मागून आली. "ध्यान कुटं हाय? शेतात का बांदावर?" असं माझ्यावर ओरडली. हेही भागाचंच बोलणं. मी पटकन पीळ दिला. मान वर केली नाही, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि धुराचं निमित्त सांगायला धूर नव्हता.

मग ती शेजारी स्टुलावर बसली. म्हणाली, यंदा मीठ जास्त घातलंय, आता तू काही म्हणू नकोस.

मी म्हणालो, "मी कवा काय म्हनलो?"

"दर साली," ती म्हणाली. "भागा जाताना परत येक जिगो करती, त्याचं मटन फडक्यात बांदून नेती. तू खातो. हाड चोखतो. आन् म्हनतो, मीठ कमी हाय. भागा येऊन सांगती. मी हितं हसती. दर साली मीठ वाढवती, तरी तू मीठ कमीच म्हनतो."

ते फडकं माझ्या घरात कधी आलं नाही. वाटेत कुणाला दिलं तिनं? उर्स्याच्या लेकीला दिलं असतं तर लेक बोलली असती. कामशेतच्या पुलावर एखाद्या भिकाऱ्याला दिलं असेल, की इंद्रायणीच्या काठाला बसून एकटीनं खाल्लं असेल? घरी आणलं असतं तर मी काय केलं असतं ते तिला ठाऊक होतं. मी ते उकिरड्यावर टाकलं असतं आणि दुसऱ्या साली तिला जाऊ दिलं नसतं. म्हणून तिनं मादामला एक दुसरा नवरा सांगितला होता. तो खायचा. हाड चोखायचा. पण तोही मीठ कमी म्हणायचा. तेवढं मात्र तिनं माझंच ठेवलं. तिच्या प्रत्येक कालवणाला चाळीस वर्षं मी तेच म्हणत आलो.

"व्हय," मी म्हणालो. "म्हनत असंन."

मांडी उतरवली तेव्हा मी सुरी टोचून बघितली. आतून गुलाबी पाणी आलं. मी म्हणालो, कच्चं आहे, रगत दिसतंय. ती म्हणाली, रगत नाही, रस. आमच्यात मटण हाडावरून गळून पडेपर्यंत शिजतं. यावरून आमची बाचाबाची झाली असती, पण तिनं मांडी परातीत ठेवली, वर जाड फडकं टाकलं आणि चारी बाजूंनी दाबलं. मी फडकं उचलायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली. "लगीच हात लावू नगं. निजू दे त्याला."

मी चुलीपुढं खाली बसलो.

अर्धा तास ती मांडी निजली होती. तेवढा वेळ मी तिच्याजवळ बसलो होतो. कुणी हात लावला नाही.

दुपारी दोन पाहुणे आले, एक पाद्रीबाबा आणि खंडाळ्याची एक म्हातारी मडम. मादामनं मांडी पातळ पातळ कापली. त्यांनी खाल्लं, डोळे मिटून मान हलवली. पाद्रीबाबांनी खिडकीतून मला हात केला. मादामनं माझ्यासाठी ताट वाढलं होतं, पण मी घेतलं नाही. लेकीनं दिलेली शिळी भाकरी राहिली होती, ती मागच्या खोलीत खाल्ली. गोऱ्याच्या घरचं अन्न, अजून मला ते जमत नव्हतं. खुर्चीवर मात्र बसलो.

सोमवार सकाळ

उजाडल्यावर घोंगडी झाडून पडवीत आलो. मादाम आधीच उठली होती. तिच्या हातात फडक्यात बांधलेलं होतं, गाठ नीट मारलेली.

"भागाला दे," ती म्हणाली. "म्हनावं, फुडल्या साली आला न्हाई तर मी भांडन करीन."

मी ते हातात घेतलं. जड होतं, हाडासकट बांधलेलं. ते घेऊन फाटकाबाहेर जायचं आणि कामशेतच्या पुलावर कुणाला द्यायचं, एवढंच करायचं होतं. ती वीस वर्षं तेच करत आली असेल.

"मादाम," मी म्हणालो, "भागा न्हाई आता. पुसात गेली. ताप आलता."

तिनं खांबाला धरलं आणि पायरीवर बसली. तोंडातल्या तोंडात तिच्या भाषेत काही बोलत राहिली. मला त्यातलं भागा हे नाव तेवढं कळलं, दोनदा आलं. मी उभाच होतो. मग ती म्हणाली, "आन् काल दिसभर तू दोरी फिरवत बसलास."

"तिनं सांगितलतं," मी म्हणालो.

मीही तिच्या शेजारी पायरीवर बसलो. मधे एक हात अंतर ठेवलं. मग मांडीवर फडकं सोडलं. मटण गार झालं होतं, चरबी पांढरी धरली होती, सुईपानांचा वास अजून होता. मी एक तुकडा तोंडात घातला. मऊ होता. चावायला लागलंच नाही. दुसरा घेतला. मग सगळं खाल्लं. हाड राहिलं, तेही दोन्ही हातांनी धरून चोखलं, वाकडं करून आतलं काढलं, चोखून कोरडं केलं.

मीठ बरोबर होतं. इतकं बरोबर मीठ मी कधी खाल्लं नाही.

मादाम डोळे पुसून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"मीठ कमी हाय," मी म्हणालो.